शिक्षकाचे विद्यार्थीपण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून कोणी विद्वान प्राध्यापक, डॉक्टर अथवा वकील आपल्याला चार उपदेशाच्या गोष्टी सांगतात. यंदा हा मान कार्यकारी मंडळाने माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी १९७६ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली, १९८० साली रत्नागिरी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो आणि २०१८ साली निवृत्त झालो. अडतीस वर्षे खडू आणि फळा हीच माझी संपत्ती. अशा माणसाने पदव्युत्तर शिक्षणावर बोलावे हे काहींना विपरीत वाटेल. परंतु ज्याच्या हातून एखादी गोष्ट निसटली, त्याला तिचे मोल कधी कधी ती मिळविणाऱ्यापेक्षा अधिक कळते. त्या अधिकाराने मी बोलणार आहे.

विषय असा आहे: नोकरी करीत असताना शिक्षकाने पुनश्च विद्यार्थी व्हावे काय? आणि व्हावयाचे तर शैक्षणिक तंत्रविज्ञानासारख्या नव्या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याची उठाठेव त्याने का करावी? हा प्रश्न चार वर्षांपूर्वी माझ्याच घराच्या ओटीवर उभा राहिला. तेव्हा मी त्याचे जे उत्तर दिले ते चुकीचे होते. ती चूक आज आपणांपुढे कबूल करावी, एवढ्याचसाठी मी हे आमंत्रण स्वीकारले.

आमच्या सूनबाई तालुक्याच्या ठिकाणी एका माध्यमिक शाळेत गणित व विज्ञान हे विषय शिकवितात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुढील कित्येक महिने मुले घरी आणि शिक्षक घरी, अशी स्थिती आपण सर्वांनी पाहिली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका लागे, ती लहान मुले पाहात. वरच्या वर्गातील मुलांना भ्रमणध्वनीवरून धडे पाठविले जात. आमच्या वाडीत संदेशवहनाची लहर नीट येत नसे, म्हणून सूनबाई रोज देवळामागच्या टेकडीवर जाऊन धडे पाठवीत. मला त्यांच्या कष्टाचे कौतुक वाटे. परंतु एके दिवशी त्या टेकडीवरून परत आल्या त्या हिरमुसल्या चेहऱ्याने. म्हणाल्या, "अण्णा, मी फळ्यावरचाच धडा फोनवर नेला. तो पोचला, पण शिकविला गेला नाही. मुलांनी उत्तरे एकमेकांची उतरवून पाठविली आहेत. चूकसुद्धा सगळ्यांची एकच आहे."

२०२१ च्या जुलैमध्ये त्यांनी घरात सांगितले की, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्रातील एम.ए. या अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावयाचा आहे आणि त्यात शैक्षणिक तंत्रविज्ञान हा विशेष विषय घ्यावयाचा आहे. त्या वेळी माझा नातू सहा वर्षांचा होता, माझ्या पत्नीच्या गुडघ्यांचे दुखणे चालू होते, आणि चिरंजीवांची नोकरी चिपळूणला असल्याने ते रात्री उशिरा घरी येत. मी म्हणालो, "बी.एड. झाले, नोकरी कायम झाली. आता आणखी शिकून काय करायचे? त्यापेक्षा मुलाकडे पाहा." आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना शिका म्हणून सांगणाऱ्या माणसाने आपल्या घरच्या सुनेला दिलेले हे उत्तर होते. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री मला मात्र झोप आली नाही, कारण हेच शब्द सत्तावीस वर्षांपूर्वी मी माझ्या मनाला सांगितले होते.

ती हकीकत थोडक्यात सांगतो. नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नव्हती अशा आमच्यासारख्यांना पदवीचे दार उघडले. १९९४ साली मी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम घेऊन त्या वाटेने निघालो. पुस्तके आली, ती मी वर्तमानपत्राचे वेष्टन घालून जपून ठेवली. पहिल्या रविवारी अभ्यासकेंद्रावर गेलो. तेथे मार्गदर्शन करण्यास उभे राहिलेले प्राध्यापक माझेच विद्यार्थी निघाले! चौथीत मी त्यांना पाढे शिकविले होते. ते बिचारे संकोचून उठून उभे राहिले आणि मला पहिल्या बाकावर बसवू लागले. मी पोटदुखीचे निमित्त सांगून निघालो, तो पुन्हा तेथे गेलो नाही. घरी सांगितले, "आता या वयात शिकून काय करायचे?" मला वेळ नव्हता असे नाही, पैसाही फार लागत नव्हता. आपल्याच विद्यार्थ्यापुढे विद्यार्थी होऊन बसण्याची लाज आडवी आली. मंडळी, ही लाज हाच शिक्षकाच्या शिक्षणातील सर्वांत मोठा अडसर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूनबाईंना बोलावून म्हणालो, "प्रवेशअर्ज भर. दुपारी मुलाचा अभ्यास मी घेईन."

आता शैक्षणिक तंत्रविज्ञान म्हणजे काय, याविषयी चार शब्द सांगतो. प्रारंभी माझा असा समज होता की, हा यंत्रे चालविण्याचा विषय असावा. संगणक कसा सुरू करावा, पडद्यावर चित्र कसे पाडावे, इत्यादी. सूनबाईंची पुस्तके इंग्रजीत होती. माझे इंग्रजी जेमतेम, परंतु त्या रात्री वाचलेले सकाळी चहाच्या वेळी मला मराठीत सांगत. सांगितल्याने त्यांचे पक्के होई आणि ऐकल्याने माझा समज दूर होई. या विषयाचा गाभा यंत्र नसून अध्यापनाची आखणी हा आहे. कोणाला शिकवावयाचे, त्याला आधीच काय येते, कोणते उद्दिष्ट गाठावयाचे, त्यासाठी कोणते साधन योग्य, ते वापरून पाहिल्यावर उद्दिष्ट साधले की नाही हे कसे तपासावे, आणि साधले नसेल तर कोठे दुरुस्ती करावी, या क्रमाने विचार करण्याचे हे शास्त्र आहे. साधन खडूही असेल किंवा उपग्रहही असेल.

या शास्त्राचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५४ साली अध्यापनयंत्राची कल्पना पुढे मांडली. पाठाचे लहान लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याने स्वतः उत्तर द्यावे आणि ते बरोबर की चूक हे त्यास तात्काळ कळावे, असे तिचे सूत्र होते. त्यापूर्वी १९४६ साली एडगर डेल यांनी अनुभवांचा शंकू मांडला. त्याच्या तळाशी प्रत्यक्ष कृती आणि टोकाशी केवळ शब्द. येथे मला आणखी एक कबुली द्यावी लागेल. 'मनुष्य वाचलेल्यापैकी १० टक्के, ऐकलेल्यापैकी २० टक्के आणि पाहिलेल्यापैकी ३० टक्के लक्षात ठेवतो, असे डेलसाहेबांनी सिद्ध केले आहे' असे वाक्य मी कित्येक प्रशिक्षण वर्गांत ऐकले आणि स्वतःही अनेक भाषणांत ठोकून दिले. सूनबाईंच्या अभ्यासातून कळले की, डेल यांच्या शंकूत कोणतीही टक्केवारी नव्हती. ते आकडे इतरांनी मागाहून चिकटविले आणि त्यांस संशोधनाचा आधार नाही. चाळीस वर्षे मी जे शास्त्र म्हणून सांगत होतो ती निव्वळ ऐकीव गोष्ट होती. पदवीच्या अभ्यासाचा पहिला लाभ हाच की, ऐकीव गोष्ट आणि तपासलेली गोष्ट यांतील भेद कळतो.

पुढे १९८३ साली रिचर्ड क्लार्क नावाच्या अभ्यासकाने एक परखड विधान केले. त्याचा आशय असा की, किराणा माल वाहून आणणाऱ्या गाडीमुळे जसे आपले पोषण सुधारत नाही, तसे केवळ माध्यम बदलल्याने विद्यार्थ्याचे ज्ञान वाढत नाही. गाडीत काय भरले आहे हे महत्त्वाचे. त्यांचे म्हणणे सर्वांना पटले नाही. १९९४ साली रॉबर्ट कोझमा यांनी प्रतिपादन केले की, माध्यमाच्या अंगच्या गुणांचा योग्य पद्धतीशी मेळ घातला तर फरक पडू शकतो. २००६ साली पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी या वादाच्या पुढे जाऊन सांगितले की, शिक्षकास तीन प्रकारचे ज्ञान हवे: विषयाचे, शिकविण्याच्या पद्धतीचे आणि साधनाचे. ही तिन्ही निरनिराळी असून भागत नाही. ती जेथे एकत्र मिळतात तेथेच खरे अध्यापन घडते.

आपल्या देशातही या क्षेत्रात मोठे प्रयोग झाले आहेत. १९७५-७६ या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोचविण्यात आले. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. तिचे मराठी कार्यक्रम आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिले. ती २०१७ मध्ये बंद पडली. २००४ साली एज्युसॅट हा केवळ शिक्षणाकरिता वाहिलेला उपग्रह आपल्या शास्त्रज्ञांनी सोडला. २०१७ साली केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे शिक्षकांसाठीचे व्यासपीठ आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना क्यूआर संकेतचिन्हे जोडलेल्या पाठ्यपुस्तकांच्या कार्यासाठी २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या सर्व इतिहासावरून एक बोध मिळतो. यंत्रे येतात आणि जातात, संस्था उघडतात आणि मिटतात. जे टिकते ते शिक्षकाच्या ठायी असलेले साधन पारखण्याचे कौशल्य.

ते कौशल्य नसेल तर काय होते, याचा नमुना मीच आहे. १९८७ नंतर खडू-फळा योजनेखाली शाळाशाळांतून शैक्षणिक साहित्याच्या पेट्या आल्या. आमच्या शाळेतही विज्ञानपेटी, गणितपेटी, नकाशे, खेळणी असे सुंदर साहित्य आले. मी मुख्याध्यापक होतो. सारे साहित्य डेड स्टॉक रजिस्टरमध्ये काळजीपूर्वक नोंदविले, कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. मुलांच्या हातून काही मोडले तर त्याचा जाब द्यावा लागेल ही भीती! तपासणीच्या दिवशी कपाट उघडत असे, साहित्य टेबलावर मांडले जाई, आणि साहेब गेले की पुन्हा कुलूप. सरकारने पेटी दिली. परंतु ती कशासाठी, केव्हा आणि कशी उघडावी हे मला नीट उमगले नव्हते, आणि मीही ते कोणास विचारले नाही. ज्या मुलांनी त्या भिंगातून मुंगीचे पाय पाहावयाचे ती मुले आज चाळिशीची झाली आहेत. ते ऋण आता फेडता येणार नाही.

आता सूनबाईंच्या अभ्यासाकडे वळतो. हा मार्ग सुखाचा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. शाळेच्या व्यवस्थापनाकडे त्यांनी शिक्षणासाठी परवानगीचा अर्ज दिला, तो तीन महिने पडून राहिला. सकाळी सहाला उठून घरचे आवरावे, दिवसभर सात तास शिकवावे, सायंकाळी वह्या तपासाव्यात आणि रात्री दहानंतर स्वतःचे पुस्तक उघडावे. शिवाय स्वाध्याय लिहावयाचे, ते मुदतीत द्यावयाचे, आणि सत्रान्त परीक्षा वेगळी. पहिल्या वर्षी संशोधनपद्धतीच्या प्रश्नपत्रिकेत त्या अनुत्तीर्ण झाल्या. गणिताच्या शिक्षिका आणि संख्याशास्त्राच्या भागातच अडखळल्या! निकाल कळला त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "अण्णा, शाळेत कोणाला कळले तर मुले हसतील." मी म्हणालो, "मुलांना तूच सांग. नापास झालेल्या मुलाला आपल्या बाई पुन्हा परीक्षेला बसताहेत हे दिसणे, याहून मोठा पाठ तू कोणता शिकविणार?" त्यांनी खरोखरच वर्गात सांगितले. कोणी हसले नाही. उलट नववीतील एका मुलाने, जो दोन विषयांत मागे राहिला होता, परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांना शुभेच्छा देऊन आपली पेन दिली. डिसेंबर २०२२ च्या सत्रात ती प्रश्नपत्रिका त्या उत्तीर्ण झाल्या.

दुसऱ्या वर्षी प्रबंधिका लिहावयाची होती. आमच्या भागात जुलै महिन्यात भातलावणी असते. त्या दिवसांत वर्गातील बरीच मुले घरच्यांबरोबर शेतावर असतात आणि परत येतात तेव्हा धडा पुढे गेलेला असतो. अशा मुलांसाठी साध्या भ्रमणध्वनीवर मराठीतून लहान ध्वनिपाठ तयार करावेत व त्यांचा काय उपयोग होतो ते पाहावे, असा विषय त्यांनी निवडला. धडा होता धन आणि ऋण संख्यांच्या बेरजेचा.

पहिला ध्वनिपाठ अकरा मिनिटांचा झाला. मी तो ऐकला आणि ओटीवर बसल्या बसल्या मला डुलकी लागली. सूनबाई हसल्या. मग त्यांनी त्याचे तीन तुकडे केले. प्रत्येकात एकच कल्पना ठेवली, मध्ये एक प्रश्न विचारून थांबण्यास सांगितले आणि उत्तर कागदावर लिहावयास लावले. पुस्तकात तापमापकाचे उदाहरण होते, परंतु शून्याखालील थंडी कोकणातल्या मुलाने कोठे पाहिली आहे? मी सुचविले, "खाडीच्या धक्क्यावर एक खूण असते. भरतीचे पाणी खुणेच्या वर जाते ते अधिक, ओहोटीचे खाली उतरते ते उणे. आपल्या मुलांना हे झोपेतही कळते." त्यांनी ते उदाहरण घेतले. मग म्हणाल्या, "अण्णा, विषय माझा, साधन फोन, पण पद्धत तुमची. मिश्रा-कोहलर जे म्हणतात ते हेच." मॅट्रिक झालेल्या माणसाला आयुष्यात मिळालेली ती पहिली पदवी असे मी समजतो.

पुढची अडचण वेगळीच निघाली. घरात भ्रमणध्वनी होता, पण तो वडिलांचा. ते रात्री परत येत तोवर मूल झोपलेले असे. कागदावर 'घरी साधन उपलब्ध' अशी नोंद होते, परंतु मुलाच्या हाती ते नसते. हे ध्यानात आल्यावर सूनबाईंनी आमच्या आणि शेजारच्या घरांतून जुने, पडून राहिलेले भ्रमणध्वनी गोळा केले, त्यांत पाठ भरले आणि आठवड्याच्या पाळीने मुलांकडे दिले. एक चिखलात पडून बंद झाला. मी विचारले, "भरपाई?" त्या म्हणाल्या, "वापरून बंद पडला ना, अण्णा? कपाटात बंद पडला असता तर वाईट वाटले असते." हे वाक्य मला कोठे लागले असेल, हे आपण जाणले असेलच.

निष्कर्ष काय निघाला? ज्या मुलांनी पाठ ऐकून थांबून प्रश्नांची उत्तरे लिहिली, ती मुले परत आल्यावर वर्गाबरोबर चालू शकली. ज्यांनी नुसते ऐकले, त्यांच्यात आणि न ऐकलेल्यांत विशेष फरक दिसला नाही. सूनबाई खिन्न झाल्या. त्यांना वाटत होते की सर्वांना लाभ व्हावयास हवा होता. हा दुसरा भाग प्रबंधिकेत गौण करून लिहावा काय, असा मोहही त्यांना झाला. परंतु त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितले की, तुमच्या कामातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे. त्यांनी ते ठळकपणे लिहिले. गाडीने माल पोचविला, पण चुलीवर शिजविण्याचे काम मुलाच्याच हातून व्हावे लागते, हे क्लार्कसाहेबांचे म्हणणे आमच्या वाडीतही खरे ठरले. २०२४ साली त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. दोन वर्षांचे काम तीन वर्षांत झाले, परंतु झाले.

या पदवीने पगार वाढला काय? नाही. बढती मिळाली काय? अद्याप नाही. मग मिळाले काय? लावणीला जाणारी मुले पूर्वी मागे पडत, त्यांतील काही आता मागे पडत नाहीत. आणि शाळेतील तीन सहकारी शिक्षक त्यांच्याकडून पाठाची आखणी शिकत आहेत. माझ्या मते शिक्षकाच्या पदवीचा हिशेब याच वहीत मांडावा.

आपल्या समाजात शिक्षकी पेशात असलेल्या तरुण-तरुणींची संख्या लहान नाही. त्यांपैकी जे या वाटेने जाऊ इच्छितात त्यांना अनुभवाच्या चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. पहिली, कोणत्याही दूरशिक्षण अभ्यासक्रमास पैसे भरण्यापूर्वी त्या विद्यापीठास व त्या अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे याची खात्री करून घ्यावी. जाहिरातीवर विसंबू नये. दुसरी, शिक्षणशास्त्रातील एम.ए. आणि एम.एड. या दोन निरनिराळ्या पदव्या आहेत. अध्यापक महाविद्यालयात नोकरी करण्याचा विचार असेल तर तेथे कोणती अर्हता मागतात ते आधी पाहावे. तिसरी, शाळेची परवानगी लेखी घ्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. चौथी, मुक्त विद्यापीठाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत पुस्तके इंग्रजी किंवा हिंदीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्याने भिऊ नये, परंतु पहिले तीन महिने रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचण्याची तयारी ठेवावी. चौथ्या महिन्यापासून शब्दकोश मागे पडतो, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

घरच्या मंडळींसही एक सांगणे आहे. परीक्षेस बसणारी एक व्यक्ती असते, पण उत्तीर्ण व्हावे लागते सर्व घराला. माझ्या पत्नीने गुडघे दुखत असतानाही परीक्षेच्या दिवसांत चूल सांभाळली, चिरंजीवांनी रविवारची भांडी घासली, आणि मी नातवाला पाढे शिकविले. यात कोणाचाही मान कमी झाला नाही. सुनेने शिकावे असे सभेत म्हणणे सोपे असते. रात्री दहा वाजता तिच्या खोलीतला दिवा मालव असे न म्हणणे, हे त्याहून कठीण.

आता अखेरीस मंडळापुढे एक नम्र विनंती मांडतो. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. ज्ञातिसंस्थेचे सर्वांत पवित्र कार्य शिक्षण हेच आहे, हा धडा महाराष्ट्राने तेव्हापासून गिरविला आहे. आपले मंडळही दरवर्षी शिष्यवृत्त्या देते. परंतु तिच्या नियमात दोन अटी आहेत: अर्जदार २५ वर्षांखालील असावा आणि पूर्णवेळ महाविद्यालयात शिकणारा असावा. या दोन अटींमुळे आमच्या सूनबाईंसारखी नोकरी करून शिकणारी स्त्री अर्जही करू शकत नाही. त्यांना आता मदतीची गरज नाही, म्हणूनच मी हे निःसंकोचपणे बोलू शकतो.

कोणी म्हणेल, ज्यास पगार आहे त्यास शिष्यवृत्ती कशाला? आक्षेप रास्त आहे. मी दान मागत नाही. नोकरी करून शिकणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांसाठी बिनव्याजी, परतफेडीचे साहाय्य द्यावे. त्यात वयाची अट नसावी. विनाअनुदानित शाळांत अत्यल्प वेतनावर राबणारे जे आपले बंधू-भगिनी आहेत त्यांना प्राधान्य द्यावे. आणि परतफेडीचा एक हप्ता पैशाने न घेता श्रमाने घ्यावा: पदवी मिळविणाऱ्याने आपल्या विद्यार्थी-भवनातील मुलांना वर्षातून काही रविवार शिकवावे. या निधीचा प्रारंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम मी आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहे. ती थोडी आहे, परंतु मॅट्रिकच्या मापाने मोजावी.

आणखी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. गेल्या वर्षी वर्तमानपत्राच्या वेष्टनातील माझी ती १९९४ सालची पुस्तके माळ्यावरून खाली काढली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, आतील पाने शाबूत होती. सूनबाईंनी ती पुसून माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी एक कोरा प्रवेशअर्ज ठेवला. मी अजून तो भरलेला नाही, पण फाडलाही नाही. केंद्रावर या वेळी मार्गदर्शक म्हणून माझा एखादा जुना विद्यार्थी उभा असेल, तर त्याने दिलेल्या पहिल्या बाकावर बसण्याची माझी तयारी आहे. आपणांपैकी कोणी सोबत येणार असेल तर सांगावे. दोघे असलो की लाज निम्मी होते.